ओट्स चिकट का होतात, आणि हवे तसे कसे शिजवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात ओट्स नेहमी होतात, पण रोज वेगळेच होतात. कधी चिकट गोळा, कधी पाणचट. प्रश्न विचारणाऱ्या ताईंना दाट आणि दाणेदार आवडतात, नवऱ्याला पातळ, मुलीला गोड, सासऱ्यांना मिठाचे. दूध घालावं की पाणी, रात्री भिजवावेत का, कोणते ओट्स आणावेत, एकाच पातेल्यात चौघांचं भागेल का, आणि मी स्वतः कसे खातो, हेही त्यांनी विचारलंय.

नाश्त्याचं स्वयंपाकघर सांभाळणं हाच माझा व्यवसाय. ओट्सबद्दलच्या तक्रारी मी सतत ऐकतो आणि त्यातल्या फारच थोड्या चवीच्या असतात. "मला ओट्स आवडत नाहीत" म्हणणाऱ्याला जरा खोदून विचारलं की कळतं, त्याला तो बुळबुळीतपणा नकोसा होतो, किंवा चमच्याला लोंबणारा गोळा बघून भूक मरते. उपाय मात्र सगळे वरून घालायच्या गोष्टींत शोधतात. मध वाढवतात, केळं चिरतात, बदामाचे काप पसरतात. गोळा झालेल्या ओट्सवर बदाम पसरले की बदाम लावलेला गोळा मिळतो, बाकी काही होत नाही.

म्हणून आवडीचं बोलायचं तर आधी दोन गोष्टी ठरवा. दाणा दाताखाली लागायला हवा की विरघळून जायला हवा? आणि भोवतीचा रस किती दाट हवा? चव नंतर कधीही बदलता येते. ह्या दोन गोष्टी मात्र पातेल्यातच ठरतात, आणि ठरल्या की ठरल्या.

सुरुवात ओट्स निवडण्यापासून. टरफल काढलेला अख्खा दाणा पोलादी पात्यांनी दोन-चार तुकड्यांत कापला की स्टील कट ओट्स होतात. शिजायला २५ ते ३० मिनिटं लागतात, पण मधली कड शेवटपर्यंत टिकते. तोच दाणा वाफवून रुळांखाली चपटा केला की रोल्ड ओट्स, पाच ते दहा मिनिटांचं काम. दाणा आधी कापून मग आणखी पातळ लाटला की क्विक. आणि इन्स्टंट म्हणजे जवळजवळ शिजवूनच वाळवलेला, इतका पातळ की पाकिटाच्या तळाशी भुकटीच जास्त सापडते. दाणा जितका पातळ आणि तुटका, तितका त्यातला स्टार्च पाण्यात लवकर सुटतो. तुम्हाला दाट पण दाणेदार हवेत आणि घरात क्विकचं पाकीट आहे, तर कितीही जपून शिजवा, दाणेदार होणार नाहीत. जाड रोल्ड आणा. वेळ असेल त्या दिवसासाठी स्टील कट ठेवा. इन्स्टंट मी प्रवासापुरते मानतो.

हा फरक फक्त तोंडापुरता नाही. स्टील कट आणि जाड रोल्ड ओट्सचा ग्लायसेमिक इंडेक्स ५५ च्या आसपास असतो, क्विकचा ७० च्या थोडा वर, आणि इन्स्टंटचा ७५ च्या आसपास. म्हणजे एकच धान्य, पण रक्तातली साखर वाढवण्याचा वेग वेगळा. मधुमेह असलेल्याने पाकिटावरच्या फळांच्या चित्रापेक्षा दाण्याची जाडी बघितलेली बरी.

आता त्या बुळबुळीतपणाकडे येऊ. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पाण्यात उतरला की तो पाण्याला घट्ट आणि निसरडं करतो. ओट्सची सगळी ख्याती ह्याच्याच जोरावर आहे. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते, आणि १९९७ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, ओट्सच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दलचा दावा छापायला परवानगी दिली ती ह्याच आधारावर. ४० ग्रॅम रोल्ड ओट्समध्ये ते साधारण दीड ग्रॅम असतं. त्यामुळे ज्याचा कंटाळा येतो तेच गुणाचं आहे. ते काढून टाकता येत नाही, टाकूही नये. पण किती रसात उतरू द्यायचं आणि किती दाण्यात ठेवायचं, हे आपल्या हातात आहे.

ह्यातली मोठी किल्ली म्हणजे पाण्याचं तापमान. ओट्स थंड पाण्यात घालून मंद आचेवर सावकाश गरम केले तर बीटा-ग्लुकन आणि स्टार्चला बाहेर पडायला भरपूर वेळ मिळतो. रस मलईदार होतो, दाणा हरवतो. उलट खळखळत्या पाण्यात ओट्स घातले तर पाकळीच्या कडा झटकन शिजून बसतात आणि आतलं बरंचसं आतच राहतं. ओट्स, पाणी, मीठ तेच. पण एक पातेलं दाणेदार होतं आणि दुसरं लुसलुशीत. खोटं वाटत असेल तर शेजारी-शेजारी दोन छोटी पातेली चढवून बघा, दहा मिनिटांत खात्री होईल.

ताई, तुमच्या आवडीचे असे करा. अर्धा कप, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास जाड रोल्ड ओट्स कोरड्या पातेल्यात मध्यम आचेवर हलवत राहा. दोन-तीन मिनिटांत वास बदलतो. आधी पिठासारखा येतो, मग एकदम खमंग. रंग बदलायची वाट बघू नका. रंग दिसला म्हणजे थोडं जास्तच झालं. ते ताटलीत काढा. त्याच पातेल्यात पाऊण कप पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळू द्या. ओट्स बोटांतून सैल सोडत घाला, एकदाच ढवळा, आच अगदी बारीक करा आणि झाकण ठेवा. चार मिनिटं हात लावायचा नाही. झाकण उघडलंत की वर पाणी दिसेल आणि ढवळायचा मोह होईल. ढवळू नका. गॅस बंद करून, झाकण परत ठेवून तीन मिनिटं थांबा. मग काट्याने कडेने हलकेच मोकळं करा. प्रत्येक पाकळी वेगळी दिसते, चावताना किंचित प्रतिकार करते आणि तळाशी रस जेमतेम ओलावण्यापुरता असतो.

नवऱ्याच्या आवडीचे करायचे तर सगळं उलट. भाजणं नाही, ओट्स थंड पाण्यात घाला. प्रमाण अर्ध्या कपाला दीड कप. उकळी येईपर्यंत मधूनमधून आणि उकळीनंतर सतत ढवळा. ढवळल्याने पाकळ्या एकमेकींवर घासतात, कडा झिजतात, स्टार्च रसात उतरतो. पातळ म्हणजे पाणचट नव्हे, हे इथे लक्षात घ्या. पाणचट होतात तेव्हा पाणी आणि दाणा वेगवेगळे झालेले असतात: चमच्यात वर पाणी, खाली चोथा. बहुतेक वेळा ते पाणी जास्त झाल्याने नाही, तर कमी शिजवल्याने होतं. आणखी चार मिनिटं शिजवलं की तेच पाणी रसात धरलं जातं.

एक गोष्ट दोघांनाही लागू. ओट्स निवताना आळतात, आणि भरपूर आळतात. पातेल्यात अगदी हवे तेवढे दाट दिसले म्हणजे उशीर झाला. टेबलावर पोहोचेपर्यंत त्यांचा गोळा झालेला असेल. तुम्हाला "रोज वेगळेच होतात" असं वाटतं, त्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं. कोण किती वेळाने खायला बसतं त्यावर दाटपणा ठरतोय. हव्या त्यापेक्षा थोडे सैल असतानाच उतरवा. आणि प्रमाण अंदाजाने घेण्यापेक्षा एकच वाटी ठरवून ठेवा, ओट्सही तिनेच आणि पाणीही तिनेच.

दूध की पाणी? मी पाण्याच्या बाजूने आहे, निदान शिजवण्यापुरता. नुसत्या दुधात ओट्स शिजवले की दूध बुडाला लागतं, उतू जातं, आणि मुख्य म्हणजे दाण्याची स्वतःची भाजल्यासारखी चव दुधाच्या गोडसरपणाखाली दबते. पाण्यात शिजवून शेवटच्या मिनिटाला पाव कप दूध घातलं तर मऊपणा येतो आणि चवही राहते. ताटलीत वाढल्यावर कडेने थंड दूध सोडणं मला त्याहून आवडतं. गरम ओट्स आणि थंड दूध एका चमच्यात आले की खाण्यात गंमत येते. लहान मुलांना किंवा वजन वाढवायचं असलेल्यांना पोषणासाठी दूध हवंच असेल तर निम्मं-निम्मं घ्या. दुधात आंबट फळ शिजवू नका, फाटतं. बदाम, सोया, ओट्सचं दूध ह्यांचंही तंत्र हेच: शेवटी घाला.

मिठाबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. गोड ओट्समध्येही मीठ हवंच. मिठाशिवाय ओट्स पुठ्ठ्यासारखे सपाट लागतात, आणि मग ती उणीव भरायला लोक साखर ओतत राहतात. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावात १९९४ पासून पॉरिजची, म्हणजे ओट्सच्या लापशीची, जागतिक स्पर्धा भरते. तिच्या मुख्य गटात ओट्स, पाणी आणि मीठ, एवढंच चालतं. दूध नाही, साखर नाही, आणि चपटे रोल्ड ओट्सही नाहीत, भरडलेलेच घ्यावे लागतात. विजेत्याला 'गोल्डन स्पर्टल' मिळतो. स्पर्टल म्हणजे ओट्स ढवळायचा गुळगुळीत लाकडी दांडू. चपट्या कालथ्याने ओट्स ओढले आणि दाबले जातात. गोल दांडू त्यातून सरकत जातो आणि गुठळ्या होऊ देत नाही. लाकडी चमच्याची दांडीकडची बाजू वापरलीत तरी हेच काम होतं. एवढ्या कमी जिन्नसांत जगभरचे लोक स्पर्धा करतात, ह्यावरून शिजवण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो ते कळतं.

मीठ शिजतानाच घाला. वरून भुरभुरवलेलं मीठ जिभेवर टोचतं आणि दाणा मात्र अळणीच राहतो. मिठाने ओट्स कडक राहतात असं सांगणारे पुष्कळ भेटतात. चिमूटभर मिठाने असा काही फरक मला तरी कधी जाणवला नाही.

साखरेचं उलटं आहे. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे सुरुवातीलाच घातली तर ओट्स मऊ व्हायला वेळ लागतो आणि बुडाला लागण्याची भीती वाढते. ती शेवटी, आणि ढवळून एकजीव न करता. मुलीच्या वाटीत वरून एक छोटा चमचा साखर पसरा आणि मिनिटभर तशीच राहू द्या. ती विरघळून पातळ पाकाचा थर होतो. प्रत्येक घासात गोडाची एक रेघ लागते. तीच साखर ढवळून टाकलीत तर तेवढीच गोडी वाटायला दुप्पट लागेल. मधाचंही तसंच. दालचिनी थेट पातेल्यात टाकली तर भिजत नाही, गोळ्या होऊन वर तरंगते. ती साखरेत मिसळून घाला किंवा अर्धा चमचा गरम लोण्यात परतून घ्या. वास कितीतरी पटीने खुलतो.

बाकी फळांचं झटपट सांगतो. मनुका, जर्दाळू, खजूर सुरुवातीलाच पाण्यात टाका, फुगतात आणि पाणी गोड करतात. केळ्याच्या पातळ चकत्या शेवटच्या तीन मिनिटांत शिजवल्या तर साखर लागतच नाही. सफरचंद किसून. बेरी कच्च्या, वरून. सुकामेवा आणि बिया नेहमी वाढल्यानंतर, आणि भाजून. शिजवलेला अक्रोड खाण्यात काही मजा नाही.

रात्री भिजवायचे का? भिजवलेले ओट्स हा वेगळाच पदार्थ आहे, शिजवलेल्यांची सोय म्हणून त्याकडे बघू नका. १९०० च्या सुमारास झुरिचमध्ये डॉ. बिर्शर-बेनर ह्यांनी रुग्णांसाठी म्युस्ली सुरू केली, तिच्यात ओट्स जेमतेम चमचाभर असत, रात्रभर भिजवलेले, आणि त्यावर अख्खं किसलेलं सफरचंद. मूळ पदार्थ फळांचा होता. आपण आता तो उलटा करून खातो. तुम्हाला जमलं तर त्या जुन्या प्रमाणाच्या जवळ जाऊन बघा, हलकं आणि ताजं लागतं. भिजवण्यासाठी जाड रोल्डच घ्या, क्विकची सकाळपर्यंत लापशी होते. प्रमाण सारखं: अर्ध्या कपाला अर्धा कप दूध किंवा पाणी, आणि वर दोन चमचे दही. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून साखर शिजवलेल्यापेक्षा किंचित जास्त. कच्चं किवी किंवा ताजं अननस त्यात रात्रभर ठेवू नका. त्यातली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं फोडतात आणि सकाळी सगळी बरणी कडू लागते. ही फळं खायच्या वेळी घाला.

भिजवण्याने फायटिक ॲसिड, म्हणजे धान्यातली खनिजं अंगी लागू न देणारा घटक, जातं म्हणून हट्टाने भिजवणारे बरेच आहेत. ओट्समध्ये ते फोडणारं एन्झाइम मुळात कमी, आणि गिरणीत दाण्याला उष्णता देतात त्यात उरलंसुरलंही जातं. त्यामुळे नुसत्या भिजवण्याचा फायदा फारसा होत नाही. चव आणि सोय म्हणून भिजवा, ते पुरेसं कारण आहे. स्टील कटसाठी तर भिजवणं फारच सोयीचं: रात्री मिठाच्या पाण्यात एक उकळी काढा, गॅस बंद करून झाकून ठेवा, सकाळी आठ-दहा मिनिटांत तयार. स्वयंपाकघर उबट असेल तर निवल्यावर पातेलं फ्रिजमध्ये सरकवा.

गिरणीतल्या त्या उष्णतेचं कारणही सांगून टाकतो, कारण खवट ओट्सचा त्रास तिथूनच समजतो. ओट्समध्ये इतर धान्यांपेक्षा तेल जास्त असतं आणि त्या तेलाला फोडणारं लायपेज नावाचं एन्झाइमही. वाफ आणि उष्णता देऊन ते निकामी केलं नाही तर ओट्स लवकर कडू होतात. केलं तरी हवा लागून तेल हळूहळू खवटतंच. पाकीट उघडल्यावर जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, खाल्ल्यावर घशाशी कडवटपणा राहिला, तर ते ओट्स संपले असं समजा. मध घालून वाचवायला जाऊ नका. हवाबंद डबा, अंधारी जागा, आणि महिन्या-दोन महिन्यांत संपतील एवढेच आणणं. सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला त्रास होणारा आजार, असलेलं कुणी घरात असेल तर पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच घ्या, कारण शेतात आणि गिरणीत गव्हाची सरमिसळ सर्रास होते. आणि ओट्समधलं ॲव्हेनिन नावाचं प्रथिनही काहींना चालत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारून.

उरलेले ओट्स फ्रिजमध्ये तीन दिवस सहज राहतात. फक्त एक करा: डब्यातून थेट चमच्याने खाऊन उरलेलं परत ठेवू नका. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्च फोडतं आणि दुसऱ्या दिवशी दाट ओट्सवर पाणी सुटलेलं दिसतं. पुष्कळांना वाटतं ओट्स बिघडले. खरं तर उष्टा चमचा त्यात गेलेला असतो. परत गरम करताना दोन-तीन चमचे पाणी घालून झाकण ठेवा, वाफ बसू द्या, मग ढवळा. मायक्रोवेव्हमध्ये ताजे करायचे तर वाटी दुप्पट मोठी घ्या आणि पॉवर निम्मी. पूर्ण पॉवरवर फेस वाटीबाहेर येतोच.

माझं विचाराल तर कामाच्या दिवशी मी मिठाचेच खातो. भाजलेले जाड रोल्ड, पाण्यात, वर लोण्याचा छोटा तुकडा, भरपूर काळी मिरी, आणि असलं तर मऊ उकडलेलं अंडं. बलक फुटून ओट्समध्ये उतरला की आणखी काही लागत नाही. परतलेले मश्रूम किंवा किसलेलं चीजही चांगलं जमतं. सुट्टीच्या दिवशी स्टील कट, अर्धा तास मंद आचेवर, वर थंड साय आणि थोडी साखर. रोल्ड आणि साय हे मला जमत नाही, फार मऊ होतं. तिथे दाताला काहीतरी हवं.

आता चौघांचं एक पातेलं. दोन कप भाजलेले जाड रोल्ड, तीन कप उकळतं पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ. वर सांगितलं तसे न ढवळता शिजवा, पातेलं मोठं आहे म्हणून झाकणाखाली दोन मिनिटं जास्त द्या. आधी तुमची वाटी काढा, कारण दाणेदार ओट्स पुढे कधीही मऊ करता येतात, मऊ झालेले परत दाणेदार होत नाहीत. मग सासऱ्यांची, वर लोणी आणि मिरी. दातांचा त्रास असेल तर त्यांची वाटी शेवटी काढा. उरलेल्यात एक कप गरम पाणी घालून पाच मिनिटं नेटाने ढवळा. त्यातली निम्मी मुलीला, वर साखर आणि केळं. आणि पातेल्यात राहिलेल्यात पाऊण कप दूध ओतून एक वाफ आणली की नवऱ्याचे पातळ तयार. भाजलेल्या ओट्समुळे ते थंड पाण्यातून केलेल्यांइतके मलईदार होणार नाहीत, पण बारीक डोळ्याने बघितल्याशिवाय त्यांना कळायचं नाही. पातेलं धुताना गरम पाणी घालू नका, स्टार्च बुडाला आणखी चिकटून बसतो. थंड पाण्यात भिजवून ठेवलं की सगळं आपोआप सुटून येतं.